संशोधन-अनुदानाचा प्रस्ताव : विषयाकडून प्रश्नाकडे

१. प्रास्ताविक

प्रबंधाची सिद्धता कशी करावी, टिपणे कशी काढावीत, संदर्भ कसे द्यावेत यांविषयी आपल्या पदव्युत्तर विभागांतून बरेच मार्गदर्शन होते. संशोधनपद्धतीची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आता सर्वत्र रूढ झाली आहे. परंतु संशोधनाला लागणारा पैसा कोठून येतो, तो कसा मागावयाचा आणि मागताना काय लिहावयाचे, या प्रश्नांना वर्गात क्वचितच स्थान मिळते. विज्ञानशाखेतील अध्यापकांना उपकरणे आणि रसायने यांवाचून पाऊल टाकता येत नाही. त्यामुळे अनुदानाचा प्रस्ताव लिहिणे हा त्यांच्या व्यवसायाचाच भाग ठरला. भाषा-साहित्याच्या अभ्यासकाने मात्र ‘ग्रंथालय आणि लेखणी असली की पुरे’ अशी आपली समजूत करून घेतली. दप्तरखान्याचा प्रवास, जीर्ण कागदांच्या प्रतिमा, साहाय्यकाचे मानधन, बोलींचे ध्वनिमुद्रण हा सारा खर्च एकतर त्याने स्वतःच्या वेतनातून केला किंवा ते संशोधनच सोडून दिले.

या समजुतीमागे एक सांस्कृतिक कारणही संभवते. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड ज्या परिस्थितीत सिद्ध केले, तिची आठवण आपल्या मनात आदर्शासारखी वावरत असते. निष्कांचन, फिरस्ता, कोणापुढेही हात न पसरणारा संशोधक ही प्रतिमा आपल्याला प्रिय आहे. तिच्याविषयी आदर बाळगूनही असे म्हणावेसे वाटते, की एका असामान्य पुरुषाचे व्रत हे सर्वसामान्य संशोधकांसाठी धोरण होऊ शकत नाही. मागण्यात कमीपणा आहे ही भावना आणि प्रस्ताव म्हणजे केवळ कार्यालयीन नमुना भरणे ही भावना, या दोन्ही एकाच गैरसमजातून निर्माण झाल्या आहेत. प्रस्ताव हे संशोधनाच्या बाहेरचे काम नसून ते संशोधनाचे पहिले प्रकरण होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२. दोन पूर्वोदाहरणे

पहिले उदाहरण विज्ञानक्षेत्रातील आहे. होमी भाभा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विश्वकिरणांवर संशोधन करीत होते. १९४३ मध्ये त्यांनी जे. आर. डी. टाटा यांना पत्र लिहून, योग्य परिस्थिती आणि समंजस आर्थिक पाठबळ यांच्या अभावी भारतातील विज्ञानाची वाढ येथील गुणवत्तेच्या मानाने खुंटली आहे, असे मत मांडले. टाटांनी त्यांना निश्चित स्वरूपाची योजना सादर करण्यास उत्तेजन दिले. त्यानंतर १२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना जे पत्र लिहिले, त्यातूनच पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. १ जून १९४५ रोजी बंगळुरात तिचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती मुंबईस आली. ट्रस्टच्या जोडीला मुंबई सरकार आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांचेही साहाय्य तिला लाभले.

या पत्राची मांडणी अभ्यासण्यासारखी आहे. त्यात प्रथम उणीव सांगितली आहे : मूलभूत भौतिकीच्या अग्रेसर प्रश्नांवर काम करणारे समर्थ संशोधनकेंद्र देशात नाही. नंतर उपलब्ध सामर्थ्य सांगितले आहे : चांगले संशोधक आहेत, पण ते विखुरलेले आहेत. शेवटी फलित सांगितले आहे : सुमारे दोन दशकांनी अणुशक्तीचा वीजनिर्मितीसाठी यशस्वी उपयोग होऊ लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी देशाला परमुखापेक्षी व्हावे लागणार नाही. हे विधान हिरोशिमाच्या पूर्वी सुमारे सतरा महिने केलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. काय नाही, काय आहे आणि काय साधेल, या तीन विधानांत सारा प्रस्ताव सामावला आहे. त्याचप्रमाणे, औपचारिक प्रस्तावापूर्वी अनौपचारिक विचारणा झाली होती, हाही तपशील दुर्लक्षिण्याजोगा नाही.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ मध्ये झाली. पुढच्याच वर्षी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या आवृत्तीसाठी एक लाख रुपयांच्या साहाय्याचे अभिवचन दिले. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांना महाभारताची सचित्र आवृत्ती हवी होती. विद्वानांना हवी होती ती पाठचिकित्सेने सिद्ध झालेली संहिता. दात्याची आवड आणि संशोधकाची गरज येथे एकरूप नव्हती. ती एकमेकींना छेदत होती. चित्रांना आवृत्तीत स्थान मिळाले, परंतु पाठनिश्चितीच्या तत्त्वांना कोठेही मुरड घातली गेली नाही.

या प्रकल्पातील आणखी एक गोष्ट आजच्या प्रस्तावलेखकाने ध्यानात ठेवावी. १९१९ मध्ये कार्यारंभ झाल्यावर १९२३ मध्ये ना. बा. उटगीकर यांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती प्रसिद्ध केली. ती विद्वानांच्या अभिप्रायार्थ होती. १९२५ मध्ये वि. स. सुखठणकर यांच्याकडे संपादनाची धुरा आली आणि १९२७ पासून आदिपर्वाचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. संपूर्ण आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. जवळजवळ अर्धशतक चाललेल्या या कार्याला पंतप्रतिनिधींच्या देणगीखेरीज शासन, विद्यापीठ आणि अन्य संस्थानिक यांचे साहाय्य मिळत गेले. हैदराबादचे निजामही त्यांपैकी एक होते. मोठ्या कामापूर्वी त्याचा एक लहान नमुना करून तो जाणकारांपुढे ठेवणे, ही आज ‘पथदर्शी प्रकल्प’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी अवलंबिली गेली होती.

३. विषय आणि प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे वळू. भाषा-साहित्यविषयक प्रस्तावांतील सर्वांत मोठा दोष असा, की त्यांत विषय असतो, प्रश्न नसतो. ‘अमुक कालखंडातील अमुक वाङ्मय : एक चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात काहीही विचारलेले नाही हे आपल्या लक्षातच येत नाही. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षांपूर्वी मराठीतील विज्ञानविषयक नियतकालिकांसंबंधी एक प्रस्ताव अशाच शीर्षकाने एका संस्थेकडे पाठविला होता. तो नाकारला गेला. ‘अर्जदाराचे गृहीतक खोटे ठरण्याची शक्यता दिसत नाही’ अशा अर्थाचा परीक्षकाचा अभिप्राय सोबत आला होता. प्रथम त्याचा राग आला. भाषेच्या अभ्यासाला विज्ञानाचे निकष लावले जात आहेत, असेही वाटले. पुढे प्रस्ताव पुन्हा वाचला तेव्हा परीक्षकाचे म्हणणे पटले. ‘या नियतकालिकांनी मराठी गद्य समृद्ध केले’ हे त्यातील गृहीतक होते. असे विधान कोणत्याही पुराव्याने खोटे ठरत नाही; म्हणूनच ते कोणत्याही पुराव्याने सिद्धही होत नाही.

तोच विषय प्रश्नरूपात कसा मांडता आला असता ते पाहू. ‘सृष्टिज्ञान’ हे विज्ञानविषयक मासिक १९२८ पासूनचे. महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाले १९६० मध्ये, आणि त्यानंतर त्याचे परिभाषाकोश सिद्ध होत गेले. यातून एक नेमका प्रश्न निघतो : कोशांतील वैज्ञानिक संज्ञांपैकी किती संज्ञा नियतकालिकांच्या लेखनात आधीच रुळलेल्या होत्या आणि किती कोशकारांनी नव्याने घडविल्या? दुसरा प्रश्न त्याला जोडून येतो : आधी रुळलेल्या संज्ञा पुढील लेखनात अधिक टिकल्या काय? या प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असू शकते, ‘नाही’ही असू शकते, आणि दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. उत्तर ‘नाही’ आले तर परिभाषा वापरातूनच घडली पाहिजे या आपल्या लाडक्या मताचा फेरविचार करावा लागेल. ज्या प्रश्नाच्या उत्तराने संशोधकाला स्वतःचे मत बदलावे लागण्याची शक्यता आहे, तो प्रश्न अनुदानास पात्र आहे, अशी साधी कसोटी येथे सुचवावीशी वाटते.

४. पद्धती आणि अंदाजपत्रक

प्रश्न नेमका झाला की पद्धती आपोआप आकार घेऊ लागते आणि पद्धतीतून अंदाजपत्रक निघते. आपल्याकडे बहुधा उलट घडते. योजनेत मिळणारी कमाल रक्कम प्रथम पाहिली जाते आणि मग ती रक्कम भरून निघेल असे खर्चाचे रकाने रचले जातात. अनुभवी परीक्षकाला हे क्षणात कळते.

वरील उदाहरणच पुढे नेऊ. १९३० ते १९८० या कालखंडातील दर पाचव्या वर्षाचे अंक घेतले तर अकरा वर्षे होतात. दरवर्षी बारा या हिशेबाने १३२ अंक होतात. एका अंकातील संज्ञा टिपून त्या कोशाशी ताडून पाहण्यास चार तास लागतात असे नमुन्यादाखल वाचलेल्या काही अंकांवरून ठरले, तर ५२८ तास लागतील. टिपणाची अचूकता तपासण्यासाठी सुमारे एकदशांश, म्हणजे तेरा अंक, दुसऱ्या वाचकाकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यावयाचे. त्याचे ५२ तास. एकूण ५८० तास झाले. ग्रंथालयात दिवसाला चार तासांचे काम धरले तर १४५ दिवस, म्हणजे महिन्याला बावीस दिवसांच्या हिशेबाने सुमारे सात महिने. साहाय्यकाचे मानधन किती महिन्यांचे मागावे याचे उत्तर असे संशोधनाच्या आतूनच मिळते. एखादा अंक उपलब्ध न झाल्यास लगतच्या वर्षाचा त्याच महिन्याचा अंक घेतला जाईल, हेही आधीच लिहून ठेवावे. अडचणी येणार नाहीत असे भासविणाऱ्या प्रस्तावापेक्षा त्या ओळखून त्यांवर उपाय योजणारा प्रस्ताव अधिक विश्वसनीय वाटतो.

खर्चाची विभागणी करताना अनावर्ती आणि आवर्ती हा भेद पाळावा लागतो. संगणक, ध्वनिमुद्रक, ग्रंथ यांवरील खर्च एकदाच होतो. मानधन, प्रवास, प्रतिमांकन आणि किरकोळ खर्च हे चालू राहतात. संस्थेच्या प्रशासकीय खर्चाचा वाटा योजनेत ग्राह्य आहे की नाही, हे प्राचार्यांशी बोलण्यापूर्वी नियमावलीत पाहून घ्यावे. केंद्र शासनाच्या अनुदानांसाठी सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि पुढचा हप्ता बहुधा त्यानंतरच सुटतो. दोन हप्त्यांच्या दरम्यान काही महिने रिते जातात. ज्यांचे पोट मानधनावर आहे अशा साहाय्यकाची त्या काळात ओढाताण होते. म्हणून खर्चिक प्रवास आणि महत्त्वाचे क्षेत्रकार्य पहिल्या हप्त्याच्या काळात उरकावे आणि विश्लेषण-लेखन पुढे ठेवावे. ही गोष्ट हिशेबाची असली तरी तिच्यात माणुसकीचाही भाग आहे.

५. दात्याचा शोध

अनुदान कोठे मिळते हा प्रश्न आमचे विद्यार्थी प्रथम विचारतात. वास्तविक तो तिसरा प्रश्न होय. प्रश्न आणि पद्धती निश्चित झाल्यावरच त्याला अर्थ येतो. तथापि परिस्थितीत झालेले बदल ध्यानात घेणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या एका संपूर्ण पिढीला विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघु आणि बृहत् संशोधन प्रकल्प परिचित होते. बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर, म्हणजे २०१७ नंतर, त्या योजना पूर्वीच्या स्वरूपात उरल्या नाहीत. लहान रकमेची, फारशी स्पर्धा नसलेली आणि घराजवळची अशी ती वाट होती. ती बंद झाल्यामुळे तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापकाचे नुकसान शहरातील अध्यापकापेक्षा अधिक झाले, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.

सध्याच्या वाटांचा विचार विषयाच्या स्वरूपानुसार करावा. भाषेचा समाजाशी असलेला संबंध तपासावयाचा असेल तर १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, आणि ऐतिहासिक साधनांचा अभ्यास असेल तर १९७२ मध्ये स्थापन झालेली भारतीय इतिहास संशोधन परिषद यांच्याकडे वळता येते. मराठीतील विज्ञानलेखन, ज्योतिष-गणिताची हस्तलिखिते, वैद्यकाच्या पोथ्या यांवर काम करणाऱ्याने भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा विचार अवश्य करावा. विज्ञानेतिहासाच्या प्रकल्पांना साहाय्य देण्याची तिची परंपरा आहे, परंतु मराठी विभागांतून तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. २०२३ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये पूर्वीचे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ विलीन झाले आहे. या नव्या संस्थेच्या कक्षेत नैसर्गिक विज्ञानांबरोबरच, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांचा विज्ञान-तंत्रज्ञानाशी जेथे संबंध येतो तो भागही अंतर्भूत आहे. परिभाषा, लिपिवाचन, बोलींचे ध्वनिविश्लेषण हे विषय त्या सीमारेषेवरच येतात. संगणकशास्त्र किंवा भौतिकी विभागातील सहकाऱ्याबरोबर संयुक्त प्रस्ताव सिद्ध करण्यास येथे चांगला वाव आहे.

जुन्या कागदपत्रांच्या रक्षणासाठी ब्रिटिश लायब्ररीने २००४ मध्ये सुरू केलेल्या संकटग्रस्त दप्तरांच्या कार्यक्रमात पथदर्शी आणि मुख्य असे प्रकल्पांचे प्रकार आढळतात, आणि प्राथमिक अर्ज स्वीकारला गेला तरच सविस्तर अर्ज मागविला जातो. खाजगी घराण्यांतील मोडी दप्तरांवर काम करणाऱ्यांनी निदान त्या अर्जाचे स्वरूप अभ्यासावे. १९९३ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्‌स या संस्थेकडे तर कोणत्याही भारतीय भाषेत प्रस्ताव पाठविता येतो. कोणत्याही योजनेसंबंधी शेवटचा शब्द मात्र तिच्या चालू वर्षाच्या सूचनापत्रकाचाच मानावा.

दाता निवडताना पंतप्रतिनिधींचे उदाहरण पुन्हा आठवावे. दात्याचा हेतू आणि आपला प्रश्न जेथे एकमेकांना छेदतात ती जागा शोधावयाची असते. दात्याला आवडेल म्हणून प्रश्नच बदलला तर मिळालेली रक्कम आपल्या संशोधनाला नव्हे, दुसऱ्याच्या संशोधनाला मिळालेली असते.

६. भाषेचा प्रश्न

मराठीचा अभ्यासक वाचतो, विचार करतो आणि शिकवितो मराठीत. प्रस्ताव मात्र त्याला बहुधा इंग्रजीत लिहावा लागतो. ही विषमता खरी आहे आणि तिच्याविषयी तक्रार करण्यास जागा आहे. तथापि तिच्या आड आपली अस्पष्टता लपते, हेही मान्य करावे लागेल. उसन्या इंग्रजीतील भारदस्त शब्द वापरताना आपल्याला नेमके काय म्हणावयाचे आहे, हे आपणच विसरतो. यावर एक उपाय अनुभवाने सुचतो. प्रथम एक पानाचे टिपण साध्या मराठीत लिहावे आणि ते दुसऱ्या विषयाच्या एखाद्या सहकाऱ्याला, शक्य तर विज्ञानाच्या अध्यापकाला, वाचावयास द्यावे. ‘तुम्ही काय शोधणार आहात?’ या प्रश्नाचे उत्तर त्याला एका वाक्यात सांगता आले नाही, तर दोष वाचकाचा नाही. मराठीत न उमगलेला प्रश्न इंग्रजीत उमगत नाही. तो केवळ झाकला जातो. ‘चिकित्सक’, ‘सखोल’, ‘सर्वांगीण’, ‘मौलिक’ ही विशेषणे या टिपणातून काढून टाकावीत. ती काढल्यावर वाक्य उभे राहत नसेल तर त्या वाक्यात मुळात काही नव्हते.

७. समारोप

अनुदानपद्धतीच्या मर्यादा आहेतच. काही प्रश्न कोणत्याही योजनेच्या चौकटीत बसत नाहीत; काही कामांची मुदत दोन-तीन वर्षांत संपत नाही. श्री. व्यं. केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड शासकीय प्रकल्प म्हणून नव्हे, तर मर्यादित कंपनी स्थापून, भागधारक आणि वर्गणीदार मिळवून सिद्ध केले. याचा अर्थ पैसा मागण्याचा मार्ग एकच नाही एवढाच. मागावाच लागत नाही असा नव्हे. केतकरांनाही आपली योजना गावोगावी लोकांना समजावून सांगावी लागली, आणि ती सांगता यावी इतकी स्पष्ट असावी लागली.

प्रस्ताव नाकारला जाणे ही नित्याची गोष्ट आहे. नाकारलेला प्रस्ताव वाया जात नाही, मात्र त्यात प्रश्न असला पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या त्या पहिल्या प्रस्तावातून अनुदान मिळाले नाही. परंतु परीक्षकाच्या एका वाक्याने विषयाचा प्रश्न झाला आणि पुढील काही वर्षांचे काम त्या प्रश्नावर उभे राहिले. आमच्या पदव्युत्तर विभागांनी संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात निदान एक प्रस्ताव लिहवून घ्यावा, सहाध्यायांकडून त्याचे परीक्षण करवावे आणि तो परीक्षणासह जपून ठेवावा, एवढीच सूचना शेवटी करावीशी वाटते. पैसा कोणाला मिळेल आणि कोणाला नाही, हे आपल्या हाती नाही. आपण नेमके काय विचारीत आहोत हे विद्यार्थ्याला एका पानात सांगता येणे, हे मात्र आपल्या हाती आहे.